चतुर्दशीला निघा: हरिहरेश्वर ते कशेळी, चार दिवस, चार तिथी

कोकणच्या किनाऱ्याची सहल बहुतेक जण किलोमीटर मोजून आखतात आणि तिथेच चुकतात. हरिहरेश्वरचा खडक, हेदवीची बामणघळ (कातळातली भेग, भरतीला फवारा उडवणारी) आणि खाडीतल्या मगरी दिसणार की नाही, हे किलोमीटरवर अवलंबून नसतं, पाण्यावर असतं. भरतीला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा बंद होते. ओहोटीला बामणघळ म्हणजे नुसती एक ओली भेग. म्हणून आधी तिथी ठरवायची, मग सुट्टी टाकायची.

भरतीचा हिशेब किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. पक्ष शुद्ध असो वा वद्य, गणित तेच. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. हा आडाखा मुंबईचा आहे. रायगड-रत्नागिरीकडे पाणी अर्धा ते पाऊण तास आधी चढतं, आणि मुंबईइतकं उंचही चढत नाही. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, त्यामुळे अर्ध्या तासाची चूक धरूनच चाला. सुट्टी ठरवायला एवढं पुरे. खडकावर पाय ठेवायचा असेल तेव्हा मात्र त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाईलवर बघा, आणि बघताना ठिकाण रत्नागिरी निवडा, मुंबई नको.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. आपल्याला उधाण हवं. चतुर्दशीला निघालात तर पहिल्या दिवशी दुपारी ओहोटी हरिहरेश्वरला मिळते आणि तिसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, बाराच्या सुमाराची भरती हेदवीला. बाकी सगळं या दोन वेळांच्या मध्ये बसवायचं.

कोणती चतुर्दशी

कासवांची पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल. त्यातली माघ पौर्णिमा उत्तम: हवा बरी, घाम कमी, आंबा मात्र नाही. फाल्गुन पौर्णिमा टाळा. उधाण असतं खरं, पण शिमगाही असतो. मुंबईचा चाकरमानी गावात आलेला, घरगुती खोल्या भरलेल्या, रस्त्यात पालख्या. पालखी बघायचीच असेल तर ती वेगळी सहल करा आणि एका गावात मुक्काम ठोका. त्याऐवजी फाल्गुन अमावास्या धरा. ऊन कडक असेल, पण वाळूतली घरटी तेव्हाही फुटत असतात. जमल्यास चतुर्दशी सोमवार-मंगळवारची बघा. शनिवार-रविवारी जंगलजेटीला, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरी बोटीला, गाड्यांची रांग लागते, आणि एक रांग चुकली की दिवसाचं गणित कोसळतं.

गाडीत काय हवं

मागे पट्टा असलेल्या, खाचा असलेल्या तळव्याच्या सँडल (रबरी चप्पल खडकावर नको), सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) चालायला घोट्यापर्यंतचे बूट, 8×42 ची दुर्बीण, टॉर्च आणि तिच्या काचेवर बांधायला लाल जिलेटिन कागदाचे दोन थर, माणशी दोन लिटर पाणी, सुटे पैसे. एक साधं होकायंत्र घ्या. मोबाईलमधलंही चालतं, पण सुई डळमळताना बघण्यात मजा आहे. नकाशा आधीच उतरवून ठेवा. वेळास, हेदवी आणि सड्यावर रेंज येते-जाते. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर आणि रत्नागिरीत मिळतं. मधल्या गावांच्या भरवशावर राहू नका.

सागरी मार्गावर सरासरी ताशी 25 ते 30 किलोमीटरच धरा. रस्ता एकेरी, वळणावर समोरून एसटी. एसटी मागे जात नाही, तुम्हालाच जावं लागतं. त्यामुळे मागे पडलेली रुंद जागा लक्षात ठेवत चालवायची सवय लावा.

पहिला दिवस, चतुर्दशी: खडक

पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-म्हसळा, मुंबईहून पेण-माणगाव-म्हसळा. सकाळी लवकर निघा, कारण दुपारी तीनला हरिहरेश्वरला हजर असायचं आहे. वेळ हाताशी असेल तर म्हसळ्याजवळ चिरगाव आहे. तिथल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत आहे. गुरांना देण्याच्या डायक्लोफेनॅक या औषधाने देशभरची गिधाडं संपत आणली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तरी पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो, त्यामुळे संख्या भरून यायला पिढ्या लागतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत विणीचा काळ असतो. झाडाखाली जाऊ नका, रस्त्यावरून दुर्बिणीने बघा आणि पुढे चला.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा काळभैरवाच्या देवळामागून सुरू होते. टेकडी चढायची, मग दोन कातळांमधल्या अरुंद चिरेतून उभ्या पायऱ्या थेट समुद्रावर उतरतात. तिथून खडकाच्या सपाट चबुतऱ्यावरून वळसा घालून परत देवळाकडे. हा सपाट चबुतरा म्हणजे तरंगघर्षित मंच. लाटा कड्याच्या पायथ्याशी धडकत राहतात, कडा पोखरला जाऊन वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो, आणि तळ मात्र सपाट उरतो. हा खडक दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा.

कड्याच्या अंगाला हात लावून बघा. मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसेल. ती लाटांनी थेट कोरलेली नाही. लाटांचे तुषार खडकाच्या छिद्रांत शिरतात, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचा कण न् कण आतून सुटा करतात. पायाखाली मात्र वेगळी खोदाई: गोल, वाटीएवढे ते घमेल्याएवढे रांजणखळगे. त्यात अडकलेला गोटा लाटेबरोबर गरगरतो आणि भोक खोल करत नेतो. बऱ्याच खळग्यांत तो गोटा अजून पडलेला असतो, गुळगुळीत झालेला. जिथे होता तिथेच ठेवा.

ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी खाली उतरा आणि पाणी परत फिरल्यावर अर्ध्या तासात वर या. चतुर्दशीला ओहोटी चारच्या पुढेमागे, म्हणजे तीन ते साडेचार हा तुमचा काळ. उत्साहात जास्त थांबलं की मागची वाट आणि पुढची वाट दोन्हीकडून पाणी येतं आणि पाठीशी उभा कडा. इथे माणसं वाहून गेलेली आहेत. देवस्थानाने वाट बंद ठेवली असेल तर वाद घालू नका. हिरवट शेवाळ असलेल्या खडकावर पाय टाकायचा नाही. पांढरट, खरखरीत दिसतो तो खडक पकड देतो, पण त्यावर कालवं असतात आणि ती पात्यासारखी कापतात. हात टेकवून बसताना सांभाळा.

खळग्यांत साचलेल्या पाण्याशी दहा मिनिटं उकिडवे बसा आणि सावली पाण्यावर पडू देऊ नका. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो: आत खेकडा असतो, उसन्या घरातला. कडेला चिकटलेला तपकिरी बटणासारखा गोळा म्हणजे मिटलेलं समुद्रफूल. पाण्याखालचं बघा, ते पाकळ्या पसरून बसलेलं असतं. बोट घालू नका. रिकामा दिसला तरी शंख उचलू नका, तो कुणाचं तरी पुढचं घर आहे.

साडेचारला वर, पाचला बागमांडला जेटीवर. फेरी बोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेसवी. शेवटची फेरी कितीला ते दुपारी येतानाच विचारून ठेवा.

फेरीवर गाडी चढवताना

या वाटेवर तीन खाड्या बोटीने ओलांडायच्या: बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गाडी पुढे घालायची की मागे, ते बोटीवरचा माणूस सांगेल तसंच करा. ओहोटीला बोट खाली असते आणि फळीचा कोन तिखट होतो. बुटक्या गाडीचा पुढचा बंपर तिथेच घासतो. सरळ जाण्याऐवजी किंचित तिरकं चढा, पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा दाबून न ठेवता. जड सामान असेल तर माणसं आधी उतरवा. बोटीवर हँडब्रेक, गाडी गियरमध्ये, काचा खाली. खाडीच्या तोंडाशी बोट हलते, म्हणून मुलांना गाड्यांच्या मधल्या फटीत उभं राहू देऊ नका. नकाशाचं ॲप बोटीतली वेळ धरतं, थांबण्याची धरत नाही. प्रत्येक खाडीला एक तास वाढवून घ्या.

दुसरा दिवस, पौर्णिमा: वाळू

मुक्काम वेळासला. गावात लॉज नाहीत म्हटलं तरी चालेल. घरोघरी पाहुणे ठेवतात, जेवण घरचं, शाकाहारी. आधी फोन करून सांगितलं तर उकडीचे मोदक मिळू शकतात. न सांगता गेलात तर आमटी-भात, तोही वाईट नसतो.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, गावकऱ्यांना बरोबर घेऊन. मादी रात्री वाळूत येते, दीड फूट खोल, माठाच्या आकाराचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. पहाटे गस्त घालणारा कासवमित्र तिचा माग बघून घरटं शोधतो. अंडी तिथेच ठेवली तर कोल्हे-कुत्री उकरतात, म्हणून ती कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोलीच्या आणि त्याच आकाराच्या खड्ड्यात हलवतात. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त.

सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यावरची टोपली उचलून बघतात. पिल्लं असतील तर सोडतात, नसतील तर नसतात. हे सांगायचं कारण, टोपली रिकामी निघाली की काही पाहुणे कासवमित्रांवर चिडतात. येण्याआधी फोन करून कुठलं घरटं कधी भरतं ते विचारा, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून निदान दोन वेळा हाताशी ठेवा. वेळासला रिकामी सकाळ गेली तर त्याच दिवशी संध्याकाळी आंजर्ल्याला दुसरी संधी असते. मात्र ती घ्यायची तर गुहागर गाठण्याचा नाद सोडून मुक्काम आंजर्ल्याला करा आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघा.

दोरीच्या मागे उभं राहायचं. पिल्लं पाण्यात सोडत नाहीत, वाळूवर सोडतात. ती स्वतः चालत जातात, उजळ क्षितिजाच्या दिशेने. म्हणूनच फ्लॅश आणि पांढरी टॉर्च बंद. पिल्लू प्रकाशाकडे वळतं आणि दमतं. त्यांच्या वाटेवरून आधीच चालू नका. तुमच्या पावलाचा खळगा तुमच्यासाठी काहीच नाही, बोटभर पिल्लासाठी तो विहिरीएवढा. मोबाईलवरून डोळे काढून एकच पिल्लू निवडा आणि त्याच्यावरच नजर ठेवा. पहिली लाट त्याला उलटं फेकते, दुसरीही. तिसऱ्या-चौथ्या लाटेला ते आत ओढलं जातं आणि मग पाण्याच्या रंगात दिसेनासं होतं. या माद्या किती लांब जातात याचा एक पुरावा: 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये अंडी घालायला गुहागरच्या वाळूत आली होती.

गाडी वाळूवर घालू नका. त्यामागे तीन कारणं: घरटी चिरडतात, दंड होतो, आणि गाडी रुततेच. कोरडी दिसणारी वाळू वर टणक असते, चार बोटं खाली ओली आणि भुसभुशीत. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक स्वतःचा खड्डा खणतं. हवा निम्मी करा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, पायपुसणी किंवा झावळ्या चाकाखाली सारा, मग हलक्या पायाने बाहेर. उधाणाच्या दिवशी भरती सुरू झाली असेल तर गाडीच्या नादी न लागता लगेच गावात जाऊन ट्रॅक्टर बोलवा.

न्याहारी करून केळशी. भारजा नदीच्या मुखाशी जुन्या वाळूची टेकडी आहे, कडेने कापलेली. त्या कापात वाळूचे थर आणि मध्येच शंख-शिंपले, खापरं दिसतात. ही वाऱ्याने साठली की त्सुनामीच्या लाटेने आणून टाकली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कडेवर चढू नका, ती ढासळते. खापर खिशात घालू नका.

पुढे आंजर्ले आणि हर्णै. हिवाळ्यात इथे कुरव पक्ष्यांचे (सीगल) थवे बसलेले असतात, बंदराच्या मासळीवर डोळा ठेवून. हर्णैच्या लिलावाला उभं राहायचं तर दुपार उलटल्यावर, पण मध्ये मध्ये येऊ नका. तिथे लोक पोटासाठी धावत असतात. मुरूड-कर्द्याला डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या सकाळी निघतात. वारा पडलेला असतो तेव्हाच पाणी सपाट असतं आणि पाठ दिसते. होडीवाल्याला आधीच सांगा: पाठलाग नको, इंजिन बंद करून थांबू. थांबलं की ते स्वतःच जवळ येतात, बऱ्याचदा.

दाभोळला बोट, धोपाव्याला उतरून गुहागर. मुक्काम तिथे.

मगरींबद्दल एक शब्द. दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठीचं तोंड, आणि आत चिपळूणच्या बाजूला मालदोलीकडे मगरी आहेत. त्या चिखलाच्या काठावर ऊन खायला येतात, म्हणजे दुपारी ओहोटी हवी. उधाणाच्या दिवसांत दुपारी भरती असते आणि काठ पाण्याखाली. थोडक्यात, बामणघळ आणि मगरी एका सहलीत नीट जमत नाहीत. मगरींसाठी अष्टमीच्या आसपास, हिवाळ्यात, वेगळे या.

तिसरा दिवस, प्रतिपदा: भरती

गुहागरहून वेळणेश्वरमार्गे हेदवी. साडेदहाला गाडी लावलेली असावी. दशभुजा गणपतीचं देऊळ गावात टेकडीवर आहे. बामणघळ मात्र किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळून खडकावरून जाऊन. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. त्यातली एक भेग समुद्राने कोरत आत नेली. तोंडाशी पाणी शिरतं, पुढे जागा कमी होत जाते, बाहेर जायला वरची वाट तेवढी उरते, आणि लाट फवारा होऊन उभी राहते. आधी कातळातून घुमल्यासारखा आवाज येतो, मग पाणी.

भरतीच्या आधीचा पाऊण तास सगळ्यात चांगला. पोचल्यावर लगेच जवळ जाऊ नका. पंधरा मिनिटं लांबून बघा आणि कुठपर्यंतचा खडक ओला आहे ते ठरवा. ओला खडक म्हणजे तिथे पाणी येऊन गेलंय, पुन्हा येणार. कोरड्यावरच उभे राहा, तेही दोन पावलं मागे. समुद्राकडे पाठ करून फोटो काढणं इथे जिवावर बेततं. पावसाळ्यात इकडे फिरकू नये.

तवसाळहून बोटीने जयगड, तिथून गणपतीपुळे आणि आरे-वारेचा रस्ता. घाई असेल तर पुळे सोडा, आरे-वारे सोडू नका. वरच्या वळणावर गाडी डाव्या कडेला पूर्ण बाहेर काढून उभी करा. इथे अर्धी गाडी रस्त्यात ठेवणाऱ्यांमुळेच सगळा खोळंबा होतो. समुद्री गरुड दिसायची शक्यता चांगली: पांढरं पोट, राखी पाठ, पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले. घारीचे पंख सपाट असतात. मुक्काम रत्नागिरी.

चौथा दिवस, द्वितीया: सडा

आज समुद्राकडे पाठ. रत्नागिरीच्या सड्यावर जांभा आहे. काळ्या खडकावर लाखो पावसाळे पडले, विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली. म्हणून तांबडा रंग आणि सच्छिद्र अंग. खाणीतून ताजा चिरा काढला की तो कुऱ्हाडीने तासता येतो, वाऱ्यावर सुकला की टणक होतो. सगळं कोकण त्याच चिऱ्यात उभं आहे.

याच सड्यांवर प्राचीन माणसाने कातळशिल्पं कोरली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव हिंडून ती शोधली आणि नोंदवली. कोकणातली नऊ ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातलं उक्षी रत्नागिरीच्या ईशान्येला, तिथे हत्तीभोवती बांध घातलेला आहे. कशेळीचा हत्ती त्याहून कितीतरी मोठा, साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची दाटी. दोन्ही एका दिवसात करायची तर उक्षी सकाळी सातला आणि कशेळी दुपारी साडेचारनंतर. रेषा उथळ आहेत. तिरपं ऊन असेल तरच त्यांना सावली पडते आणि आकृती उठून दिसते. बाराच्या उन्हात हत्तीवर उभे राहून लोक हत्ती कुठे आहे विचारतात. रेषा दिसाव्यात म्हणून त्यात चुना, खडू किंवा पाणी घालू नका. आकृतीवर पाय देऊ नका, कडेने फिरा.

मधल्या वेळात पावस, पूर्णगड आणि कशेळीचा कनकादित्य. सडे बहुतेक खाजगी मालकीचे आहेत, गावात विचारूनच वर जा. विचारलं की कुणीतरी बरोबर येतं, आणि त्याच्याशिवाय आकृती सापडतही नाही.

सड्यावर खरी काळजी फुरशाची. हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा साप, दगडाखाली आणि गडग्याच्या (रचलेल्या दगडांच्या कुंपणाच्या) फटीत. बूट घाला, दगड उलटू नका, गडग्यावर हात टेकून चढू नका. डिवचलं की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. ऐकू आला की जागेवर थांबा, कुठे आहे ते बघा, मग मागे या. चावलंच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यामुळे सुरुवातीला बरं वाटलं तरी थांबायचं नाही.

एक दिवस वाढवता आला तर राजापूर तालुक्यातलं देवाचे गोठणे. तिथल्या मानवाकृतीवर होकायंत्र ठेवा. सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते आणि हात-दोन हात सरकवलं की पुन्हा ताळ्यावर येते. मोबाईल, किल्ल्या, घड्याळ लांब ठेवून दोनदा करून बघा, म्हणजे खात्री पटते.

परतीला मुंबईकरांनी राजापूरहून महामार्ग धरावा, पुणे-कोल्हापूरकरांनी अणुस्कुरा घाट, पण उजेडी. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. तीन खाड्यांचे शिंतोडे ब्रेकच्या नळ्यांवर आणि सायलेन्सरवर बसलेले असतात, आणि मीठ जसं हरिहरेश्वरच्या खडकाला सोडत नाही तसं पत्र्यालाही सोडत नाही.